वानेरा, बालंक्या, शेवरा आणि पोळ्याची सुट्टी

पोरांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला विचारलं, "आज्जी, तू ऑफिसात काय काम करायचीस?" मी तोंड उघडायच्या आत तुमच्या बाबाने, म्हणजे माझ्याच पोटच्या पोराने, परस्पर उत्तर देऊन टाकलं. "आज्जी कॉम्प्युटरवर टायपिंग करायची." तेवढ्यात तुमच्याकडे कुणीतरी बेल वाजवली आणि कॉल संपला. तुम्ही दार उघडायला गेलात. मी अजून त्या टायपिंगपाशीच अडकले आहे.

लिहायला बसण्याचं हे एक कारण. दुसरं असं की तुमच्या चुलत काकाने, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाने, परवा मिलमधल्या माझ्या खोलीचं माप घेतलं. त्याला तिथे काचेची केबिन करायची आहे. टेप गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "मोठी आई, ते जुनं लोखंड कुठं ठेवायचं?" ते लोखंड काय आहे हे घरात एकालाही माहीत नसेल तर ते भंगारातच जाणार. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. शनिवारच्या मराठी शाळेत तुम्हाला वाचायला शिकवलं आहे, त्याचा आता उपयोग करा. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. टायपिंगच्या बाबतीत मात्र त्याचं ऐकू नका.

लातूरला एमआयडीसीत आपली डाळ मिल आहे आणि नांदेडला एक ऑफिस आणि गोदाम. मिल तुमच्या आजोबांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या दिरांची. त्यांना मी भावजी म्हणते. आजोबा यंत्रं बघायचे, भावजी माणसं आणि व्यवहार बघायचे, आणि मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, इंग्रजीतून. माझं माहेर नांदेडचं आणि शाळा इंग्रजी. एवढ्या भांडवलावर सासरी मला दोन खाती आपोआप मिळाली: औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवणं आणि लग्नपत्रिकेतल्या इंग्रजीच्या चुका काढणं. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा तिसरं मिळालं.

भावजींचा हिशेब सरळ होता. "वहिनी, मशीन इंग्रजीत बोलतंय. घरात इंग्रजी तुम्हालाच येतंय. मग तुम्हीच बघा."

या न्यायाने मला विमानही चालवायला दिलं असतं.

त्या काळात ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला कायम काहीतरी झालेलं असायचं. नांदेडहून कारकून पेनड्राइव्ह घेऊन यायचा आणि त्यातून गावभर नायटा पसरावा तसा व्हायरस पसरायचा. डाळीच्या बिलांच्या जागी वेड्यावाकड्या अक्षरांच्या रांगा दिसायच्या. शिवाय प्रत्येकाचा हिशेब ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरमध्ये. एकाच घरात प्रत्येकाने आपापल्या खोलीत मिठाचा डबा ठेवावा आणि आमटी खारट झाली की एकमेकांकडे बोट दाखवावं, तसला प्रकार. मला असल्या अव्यवस्थेने खाज सुटते. मी ठरवलं, मीठ एका जागी. म्हणजेच सर्व्हर. सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या स्वयंपाकघरातली मांडणी. सगळं तिथे ठेवायचं, ज्याला जे हवं ते त्याने मागून घ्यायचं आणि कुणाला काय द्यायचं हे मांडणीने ठरवायचं. म्हणजे मी.

तेव्हा कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी फुकट मिळायच्या. अशाच एका सीडीवर लिनक्स होतं. लिनक्स विकत घ्यावं लागत नाही. जगभरातल्या माणसांनी ते मिळून लिहिलंय, कुणीही घ्यावं, आत काय आहे ते उघडून बघावं, दुरुस्त करावं आणि पुढे द्यावं. हे मी भावजींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर ते ओली तूर आणणाऱ्यांसाठी राखून ठेवतात.

"फुकट कोण देतंय वहिनी? त्येंला काय येड लागलंय?"

"विरजण कुणी विकत घेतं का, भावजी? शेजारणीकडून वाटीभर आणायचं, उद्या दुसरीला द्यायचं."

"विरजण आपल्या गल्लीतलं असतंय. हे कुठल्या गल्लीचं?"

तरी त्यांनी तीन जुने कॉम्प्युटर मला दिले. ते कुणालाच नको होते, त्यामुळे भांडण झालं नाही. मिलच्या मागच्या अंगाला बारदान ठेवायची एक खोली होती. ती मी रिकामी करून घेतली, धुतली, चुना मारून घेतला, पंखा लावला. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना मसाल्याच्या डब्यांवर लावतात तसल्या चिठ्ठ्या डकवल्या. मग पुस्तकं समोर ठेवून शिकले. जिथे अडलं तिथे इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या गटात प्रश्न विचारला. कुठल्याशा देशातल्या गृहस्थाने उत्तर दिलं की आधी पुस्तक वाचा, मग तोंड उघडा. इतक्या उद्धटपणे माझ्याशी तोवर फक्त माझी नणंद बोलली होती. त्यामुळे मला तिथे लगेच घरच्यासारखं वाटलं. पुस्तक वाचलं आणि काम झालं. पुढे मीही त्या गटात नवख्यांना उत्तरं द्यायला लागले, त्याच पद्धतीने.

हळूहळू खोली चालायला लागली. एका मशीनवर ऑफिसच्या सगळ्या फाइली. इंटरनेटच्या दारावरचा राखणदारही तोच, आणि नांदेडच्या ऑफिसशी जोडणारा बोगदाही त्याच्यातूनच जायचा. बोगदा म्हणजे खराखुरा नव्हे. इंटरनेटच्या भर बाजारातून फक्त आपल्या दोन ऑफिसांना दिसणारी वाट. दुसऱ्या मशीनवर वजनकाट्याच्या नोंदी, म्हणजे कुठला ट्रक भरलेला किती भरला आणि रिकामा किती. मिलमध्ये भांडणं होतात ती याच आकड्यावरून, म्हणून हे मशीन सगळ्यात नाजूक. तिसरं मशीन काहीच करायचं नाही. फक्त दर तासाला पहिल्या दोघांची नक्कल उतरवून ठेवायचं. भावजी त्याला "बिनकामाचा जावई" म्हणायचे.

राखणदाराला मी क्रिकेटच्या साइट बंद करायला सांगितल्या त्याच दिवशी दुपारी भावजी माझ्या दारात उभे.

"वहिनी, इंटरनेट बंद पडलंय."

"सगळं?"

"सगळं न्हाई. स्कोअर तेवढा दिसंना झालाय."

मी त्यांच्या एकट्याच्या कॉम्प्युटरला सूट दिली. दुसऱ्या दिवशी अख्खं ऑफिस भावजींच्या टेबलाभोवती उभं.

आता मामांबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे मिलचे मुकादम. कुणाचेच मामा नसल्यामुळे सगळ्यांचे मामा. ते देवणीकडचे, आणि देवणीच्या बैलांबद्दल त्यांना एवढा अभिमान की ऐकणाऱ्याला वाटावं, मामा स्वतः त्याच गोठ्यात जन्मले. माझ्या खोलीची एक किल्ली माझ्या कमरेला असायची, दुसरी मामांकडे, आगबीग लागली तर म्हणून. एका उन्हाळ्यात पंख्याला तेल द्यायला आलेले मामा मशीनकडे बघत उभे राहिले.

"ह्येंची नावं काय, बाई?"

"सर्व्हर एक, सर्व्हर दोन, सर्व्हर तीन."

मामांनी तोंड वाकडं केलं. "नंबर बाजारात टाकतेत, इकायच्या टायमाला. घरच्या जनावराला नाव असतंय."

"मामा, हे जनावर नाही."

"खातंय का काई?"

"वीज खातं."

"तापतंय?"

"तापतं."

"मधीच बसतंय?"

"बसतं कधीकधी."

"मंग?"

माझ्या फिजिक्सच्या पदवीसकट मी त्यांना स्टूल ओढून दिलं.

मामांनी तिघांना नीट न्याहाळलं आणि तिथल्या तिथे बारसं केलं. देवणी बैलांत रंगावरून तीन प्रकार मानतात. तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असतील तो वानेरा. पहिल्या मशीनचा डबा पांढरा होता आणि तोंडाशी काळा, म्हणून तो वानेरा. दुसरा वरून पांढराशुभ्र, डाग फक्त खालच्या अंगाला, म्हणून बालंक्या. तिसऱ्यावर ग्रीसच्या हातांचे ठसे जिकडेतिकडे उमटले होते. काळे-पांढरे ठिपके, शेवरा. मी हसले, पण शिस्तीची बाई असल्याने संध्याकाळी मशीनमध्येही तीच नावं घातली. उगाच बोलण्यात एक आणि नोंदीत एक नको.

महिन्याभरात सगळं ऑफिस गोठ्याच्या भाषेत बोलायला लागलं. नांदेडहून फोन यायचा, "मॅडम, वानेरा बसला का? काही बोलून नाही राहिला." भावजी गिऱ्हाइकासमोर ओरडायचे, "बालंक्याला विचारा, औशाच्या ट्रकचं वजन किती." गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची.

त्याच सुमाराला भावजी कुणाच्या तरी लग्नाला जाऊन आले. तिथे पंगतीत एका व्यापाऱ्याने त्यांना विचारलं, "तुमच्या कंपनीचं नेटवर्क तुमच्या वहिनी चालवतेत म्हणं? आन् तेबी फुकटच्या सॉफ्टवेअरवर?" पंगत हसली. भावजींना जिलेबी गोड लागली नाही. परत आल्यावर त्यांनी पुण्याच्या एका सल्लागाराला बोलावणं धाडलं आणि मला येऊन सांगितलं.

"वहिनी, पुण्याचे साहेब येऊन बघणार हायत. ते नीट म्हणले तर राहू द्या. न्हाई म्हणले तर सगळं त्येंच्याकडं देऊ. खोली मग बारदानाला होईल."

"कधी येणार?"

"पोळ्याला. त्या दिवशी मिल बंद असती, निवांत बघता येतंय."

तोवर मी कॉलेजातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. घरात मला दिवसभर प्रश्न विचारले जायचे आणि सगळ्यांचं उत्तर एकच असायचं: फडताळात, वरच्या कप्प्यात. वेगळं उत्तर लागणारे प्रश्न मला फक्त त्या खोलीत विचारले जायचे. ती गेली असती तर मी उरलेलं आयुष्य वरच्या कप्प्यात काढलं असतं. हे मी भावजींना बोलून दाखवलं नाही. म्हटलं, येऊ द्या साहेबांना.

आणि तयारीला लागले. लातूरची बाजू तर झकास होती. नांदेडची बाजू डोळ्यांनी बघावी म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी नांदेडला गेले. तिथल्या वायरींना चिठ्ठ्या डकवल्या, धूळ झटकली, कारकुनाला साहेबांसमोर "बसला" हा शब्द वापरू नको म्हणून बजावलं आणि माहेरी मुक्काम केला. पोळ्याच्या सकाळी बस धरण्याआधी ऑफिसात जाऊन शेवटचं बघितलं तर बोगदा बंद. वानेरा उत्तर देईना. बालंक्या देईना. शेवरा तर कधीच कुणाला नाही म्हणत नसे, तोही गप्प.

मी मामांना फोन लावला. मागून सनईची कॅसेट ऐकू येत होती.

"मामा, मिलमध्ये वीज गेली का?"

"न्हाई जी. लाइट हाय की."

"मग वानेरा का बोलत नाही?"

"त्येला कामून बोलवायलाव आज? पोळा हाय ना."

"मामा, तुम्ही काय केलंत?"

"काल सांजंला खांदेमळणी केली. तिघांचीबी."

तुम्हाला हे सांगायला हवं. पोळा हा बैलांचा सण. वर्षभर राबलेल्या बैलाला त्या दिवशी कुणी जुंपत नाही, काठी लावत नाही. आदल्या संध्याकाळी त्याच्या खांद्याला, जिथे जू बसतं तिथे, तूप-हळद चोळतात. ती खांदेमळणी. मग त्याच्या कानाशी लागून म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. बैल तरी समजूतदार असतो, मान हलवतो.

"मामा, खांदेमळणी म्हणजे तूप लावलंत?"

"तूप, हळद, वरून इभूत. आवतन दिलं. मंग सोडलं."

"सोडलं म्हणजे?"

"मोठ्या डब्ब्याचं लाल बटन बंद केलं. पोळ्याला बैलाला जुपतेत व्हय, बाई?"

मोठा डबा म्हणजे यूपीएस, तिन्ही मशीनना वीज पुरवणारा. चालत्या सर्व्हरची वीज अशी तोडणं म्हणजे धावत्या बैलाच्या पायात काठी घालणं. पण मामांना काय म्हणणार? नावं ठेवू देणारी मीच. बिननावाचे होते तोवर त्यांना सण नव्हता.

"काहीही करू नका," मी म्हटलं. "बटणाला हात लावू नका. मी येते."

"या की. जेवायलाच या."

बस नांदेडहून निघाली आणि लोह्यापासून पुढे बैलांच्या मागे लागली. प्रत्येक गावाबाहेर बैल धुवायला निघालेले, अंगावरून पाणी निथळतंय, कुणी घाईत नाही. ड्रायव्हर हॉर्नसुद्धा वाजवत नव्हता. शेजारची बाई मला दर थोड्या वेळाने मोबाइलकडे बघताना बघत होती.

"माहेरला निघालाव का?"

"माहेराहून. घरी बैल बसलाय."

"अग माय! पोळ्याच्या दिशी?" तिने पदराची गाठ सोडून मला खोबऱ्याचा तुकडा दिला. "डॉक्टरला दावा. आन् एकट्याला सोडू नका."

अहमदपूर, चाकूर, सगळीकडे तेच. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि मिलच्या फाटकाला आंब्याचं तोरण होतं. खोलीत शिरायच्या आधीच कढवलेल्या तुपाचा वास आला.

आत भावजी उभे होते, आजोबा स्टुलावर बसले होते आणि पुण्याचे साहेब, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टाय, दोन्ही हात पाठीमागे घेऊन, मयताला भेटायला आल्यासारखे उभे होते. तिन्ही मशीनच्या डोक्यावर तूप-हळदीचे थर. समोर, दिवा लागतो बरोबर त्याच्यावर, इभूतीचे तीन पट्टे. वायरींना गोंडे. खरं सांगते, त्या जन्मात ते एवढे सुंदर कधी दिसले नव्हते.

"मॅडम," साहेबांनी शुद्ध पुणेरीत विचारलं, "हे नेमकं काय आहे?"

भावजी इभूतीकडे बघत म्हणाले, "आमच्यात असतंय असं."

"तुमचा डाउनटाइम, म्हणजे बंद पडण्याचा वेळ, साधारण किती असतो?"

"वर्षातून एक पोळा," मी म्हटलं आणि आजोबांचं जुनं बनियन घेऊन तूप पुसायला लागले.

हवेच्या जाळ्या मोकळ्या केल्या आणि लाल बटण दाबलं. अचानक वीज तोडलेली असली की लिनक्स जागं झाल्यावर आधी स्वतःचं अंग चाचपून बघतं, हात आहे का, पाय आहे का. त्याला वेळ लागतो. वानेरा बराच वेळ चाचपत बसला, मग उठला. नांदेडहून लगेच फोन आला आणि कारकून सांगितल्याप्रमाणे सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, वानेरा उभा राहिला." साहेबांच्या भुवया वर गेल्या. शेवराही उठला.

बालंक्या उठला नाही. आतून टक् टक् टक् असा आवाज आला, मग काहीच नाही. काट्याची सगळी वजनं त्याच्यात होती.

भावजींनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि मला कळलं की ते मनातल्या मनात बारदानाची थप्पी कुठून लावायची ते मोजताहेत. साहेबांनी बॅगेतून रंगीत माहितीपत्रक काढलं.

"मी सरांना हेच सांगत होतो. फुकट सॉफ्टवेअर, जुनं हार्डवेअर, त्यावर या श्रद्धा. आमच्याकडे हे होऊच शकत नाही."

मी बालंक्याचं झाकण उघडलं. आजोबांनी डिस्क हातात घेतली, कानाशी धरून हळूच हलवली. मिलची यंत्रं त्यांनी आयुष्यभर अशीच ऐकली आहेत.

"बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "आज नाही, केव्हाच गेलेलं. फिरतं होतं म्हणून फिरत होतं. असलं बेअरिंग थांबवल्याशिवाय कळत नाही. म्हणून तर आपण हंगामाआधी सगळी मिल एकदा थांबवतो."

भावजींनी मान वर केली. "आन् थांबवलं नसतं तर?"

"दसरा-दिवाळीत गेलं असतं. फाटकाबाहेर ट्रकची रांग असताना."

कपाटातून मी नवी डिस्क काढली. कपाटात ती होती, कारण मी तशी बाई आहे. ती बसवली, त्यावर लिनक्स घातलं आणि शेवऱ्याला सांगितलं की जे जे उतरवून ठेवलंस ते सगळं बालंक्याला परत दे. पडद्यावर फाइलींची नावं पळायला लागली. आता वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. तेवढ्यात मामा पुरणपोळीचं ताट घेऊन आले आणि सरळ वानेऱ्यासमोर ठेवायला वाकले.

"मामा, आत नको!"

"आवतन दिलंय बाई. जेवल्याबिगर कसा उठंल बालंक्या?"

"त्याच्या वाटचं साहेबांना द्या," आजोबा म्हणाले.

अशा रीतीने पुण्याचे साहेब बालंक्याच्या वाटची पुरणपोळी खायला बसले. तूपही बालंक्याच्याच वाटचं. भावजी त्यांच्यासमोर बसले आणि चौकशी करायला लागले. आवाज तोच, तूर घेताना असतो तो. मी ओळखला.

"साहेब, तुमचं मशीन तुम्ही कधी थांबवून बघता?"

"थांबतच नाही सर. तीच तर आमची खासियत."

"म्हंजे आत काय कुजलंय ते मेल्यावरच कळणार."

"तसं नाही. समजा काही झालंच, तर सपोर्टला फोन करायचा."

"पोळ्याला उचलतेत?"

साहेबांनी घास गिळला. "पोळा... म्हणजे कधी असतो?"

भावजींनी मामांना खुणेने साहेबांना अजून एक पोळी वाढायला सांगितली. आपल्याकडे सौदा मोडल्यावर माणसाला उपाशी पाठवत नाहीत.

पडद्यावरची पळापळ थांबली. भावजी हात धुऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"वहिनी, काल शेवटचा ट्रक औशाचा होता. त्याच्या ड्रायव्हरशी माझी हुज्जत झाली होती. त्याचं वजन बघू."

मी बालंक्याला विचारलं. बालंक्याने सांगितलं, भरलेला किती आणि रिकामा किती. भावजींनी आकडा वाचला, ओठ हलवत पुन्हा एकदा वाचला.

"बरोबर," ते म्हणाले. मग शेवऱ्याकडे बोट करून, "हा बिनकामाचा जावई ना?"

"तोच."

"बरा निघाला की."

खोलीचं काय, हे मी विचारलं नाही. फाटकापर्यंत साहेबांना पोचवून ते परत आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, खोली राहू द्या. तेवढा तुपाचा वास काढा, भूक लागायली." माफी मागायची आमच्याकडे हीच रीत आहे. माझ्या नणंदेला एवढंही जमत नाही.

तुपाचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. पंखा लावला की कुणीतरी शिरा करतंय असं वाटायचं.

त्यानंतर मी नियम केला. दर वर्षी खांदेमळणीच्या संध्याकाळी आधी नांदेडला कळवायचं, मग तिन्ही मशीन मी स्वतः, रीतसर, आज्ञा देऊन बंद करायची. बंद झाली की मामांनी यायचं. तूप-हळद डब्यावर नाही, वर घातलेल्या फडक्यावर. इभूत चालेल. आवतण कितीही मोठ्याने द्यावं. पोळ्याच्या दिवशी झाकणं उघडायची, धूळ काढायची, पंखे आणि डिस्का आजोबांच्या कानाशी धरायच्या, आजारी वाटेल ते बदलायचं आणि संध्याकाळी नैवेद्य झाल्यावर सुरू करायचं. मी इंटरनेटवरच्या त्या उद्धट गृहस्थांच्या गटात ही पद्धत लिहून टाकली. एकाने विचारलं, हळद कशासाठी? मी लिहिलं, आधी पुस्तक वाचा.

भावजी पुढे लग्नांच्या पंगतीत स्वतःहून विषय काढायचे. "आमची वहिनी बघतीय सगळं. फुकटचं नाही बरं, विरजणाचं हाय." कुणाला काही कळायचं नाही आणि भावजींची जिलेबी गोड लागायची.

सगळं टिकलं असं मात्र नाही. पुरणपोळीने काळ थांबत नाही. भावजींच्या मुलाने आता कंपनीचा हिशेब कुठल्याशा दूरच्या कंपनीच्या मशीनवर ठेवला आहे. ते मशीन कुठे आहे हे त्यालाही माहीत नाही, मग खांदेमळणी कुणाची करणार? वानेरा म्हातारा होऊन रीतसर निवृत्त झाला. बालंक्याची दुसरी डिस्कही एका पोळ्याला आजोबांच्या कानाने नापास केली, आणि नवीन घ्यावी असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. त्याचा रिकामा डबा मामा देवणीला घेऊन गेले. त्यात आता त्यांच्या कोंबड्यांची पिल्लं राहतात. मामा पोळ्याला मिलमध्ये येतात, एरवी फोनवर सांगतात, "बालंक्या अजून कामाला हाय, बाई."

आणि केबिनचं. काल मी तुमच्या चुलत काकाला खोलीत नेलं, ते जुनं लोखंड कशासाठी आहे ते सांगितलं आणि तो शाळेत होता तेव्हाच्या औशाच्या एका ट्रकचं वजन पडद्यावर काढून दाखवलं. त्याने तो आकडा बापासारखाच ओठ हलवत दोनदा वाचला. मग टेप खिशात घालून म्हणाला की केबिन पलीकडच्या बाजूलाही होईल.

तर शेवरा चालू आहे. त्याचा डबा एकदा बदलला, डिस्क किती वेळा बदलली ते विचारू नका, पण नाव तेच आणि काम तेच. काट्याची सगळी वजनं त्याच्यात आहेत, नांदेडची नक्कल आहे, तुमच्या बाबाच्या लग्नाचे फोटो आहेत आणि आता हे पानही आहे. पोळ्याच्या दिवशी तो बंद असतो. एक किल्ली मामांकडे आहे, एक माझ्याकडे.